एकूण सात

(दृश्य: भिंतीवरचा हजेरीचा फळा)

पहिली, तीन. दुसरी, शून्य. तिसरी, दोन. चौथी, दोन. एकूण ७.

रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका सड्यावरची, म्हणजे कातळाच्या पठारावरची, ही जिल्हा परिषदेची शाळा. चिऱ्याच्या भिंती, वर कौलं, दोन खोल्या. एकीत सगळे वर्ग, दुसरीत पोषण आहाराचा तांदूळ आणि मोडकी बाकं. पहिलीला गिरवायला दिलंय, चौथीला उतारा, आणि तिसरीतल्या दोघींची हातच्याची वजाबाकी चालली आहे. कायद्यानं ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक हवेत. गुरुजींच्या जोडीला बाई आहेतही. आज ऑनलाइन माहिती भरायला केंद्रशाळेत गेल्यात.

तिसरीतली एक तापानं घरी राहिली की वर्गाची हजेरी ५० टक्के. चाचणीत एकीचा हातचा चुकला की निम्मा वर्ग मागे. अहवालात ते तसंच वर जातं. इतक्या लहान शाळेची प्रगती टक्क्यांत मोजायची म्हणजे थट्टाच.

टक्के बघायचेच तर दहावीचे बघा. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग मिळून झालेलं कोकण मंडळ निकालात राज्यात पहिलं: २०२४ ला ९९.०१, २०२५ ला ९८.८२. पण शिकलेला मुलगा गावात थांबतो कुठे? मुंबई गाठतो, संसार विरार-नालासोपाऱ्याला थाटतो, आणि त्याची पोरं तिथल्याच शाळेत जातात. २००१ ते २०११ या दहा वर्षांत राज्याची लोकसंख्या वाढली; रत्नागिरीची सुमारे १६ लाख ९७ हजारांवरून १६ लाख १५ हजारांवर आली. सिंधुदुर्गाचीही घटली.

मग हे सात कोण?

(दृश्य: डाळभाताची पंगत)

तिघं वाडीतली. दोघी बहिणी चिरेखाणीवरच्या, घरी कन्नड बोलणाऱ्या. आणि आंबाबागेच्या राखणदाराची दोन नेपाळी भावंडं. त्यातली धाकटी पहिलीत. दिवाळीनंतर आली तेव्हा तोंडातून शब्द फुटत नव्हता. आता ताट पुढे करून वाढणाऱ्या मावशींना ठसक्यात सांगते, 'डाळ नको, नुसता भात.' पुस्तकातली मराठी तिला अजून जड जाते. वाडीतल्या पोरांची बोली मात्र झकास उचलली आहे.

आता गोम इथे आहे. शिक्षक किती द्यायचे ते ठरतं ३० सप्टेंबरच्या पटावर. तेव्हा पावसामुळे खाण बंद, मजूर गावी; बागेतला राखणदारही यायचा असतो. त्या दिवशी इथे तिघंच होती. सरकारदरबारी ही शाळा तिघांची.

२०२३ मध्ये २० पेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा काढायचे प्रस्ताव शिक्षण खात्यानं मागवले, तेव्हा अशाच शाळांचा जीव टांगणीला लागला. पलीकडची शाळा नकाशावर जवळच दिसते. जुलैत मधला पऱ्या, म्हणजे ओढा, तुडुंब भरला की पहिलीतलं पोर तो ओलांडणार कसं?

मे अखेरीस आंबा संपेल, पाठोपाठ खाणही थांबेल. पुढच्या हंगामात ही चौघं इथेच येतील का, ते बागेचा करार आणि खाणीचा ठेका कुणाकडे जातो त्यावर. जाताना दाखला मागायला सहसा कुणी येत नाही. गुरुजी नावं लिहून ठेवतात आणि दिवाळी झाली की बागमालकाला फोन लावतात.