सव्वासहाची दुपार

नमस्कार श्रोतेहो.

आज बोलायचंय जुन्या लॅपटॉपबद्दल. तुमच्या घरी कपाटावर, मागच्या वर्षीच्या पंचांगाशेजारी जो पडून असेल ना, त्याच्याबद्दल. चालू केला की चहाचं आधण ठेवावं, चहा प्यावा, कप विसळून यावं, तरी पडद्यावरचं चक्र आपलं गरगरतंय. लोक म्हणतात, म्हातारा झाला, टाका आता. मी म्हणतो, थांबा. आधी त्याच्या पोटातली हार्ड डिस्क बघा.

जुन्या लॅपटॉपची हार्ड डिस्क बहुधा मिनिटाला 5400 फेऱ्यांची असते. एका फेरीला 11 मिलिसेकंद लागतात. ऐकायला किरकोळ वाटतं, पण लॅपटॉप सुरू होताना हजारो बारीकसारीक फाइली वाचतो, आणि प्रत्येक वेळी तबकडीचा हवा तो तुकडा फिरून समोर येईपर्यंत वाट बघत बसतो. रेशनच्या रांगेत प्रत्येक किलोसाठी वेगळा नंबर लावल्यासारखं. एसएसडी म्हणजे चिपांची डिस्क. तिच्यात फिरणारं काहीच नसतं, म्हणून रांगच नसते. बस्स, एवढंच शास्त्र.

माझ्या मामांचा लॅपटॉप 2012 सालचा. मामा सांगलीला असतात, नोकरीतून निवृत्त. ज्योतिष हा त्यांचा छंद. पैसे घेत नाहीत, पण आलेल्याला चहा घेतल्याशिवाय सोडत नाहीत. त्यांच्या लॅपटॉपवर कुंडलीचा एक जुना प्रोग्राम आहे. यूएसबीला एक छोटी किल्ली लावली तरच चालतो, आणि चालतो तो फक्त विंडोज 7 वर. ज्याच्याकडून घेतला त्याने तो धंदा कधीच बंद केला. आता विंडोज 7 ला सुरक्षेची डागडुजी मिळणं 14 जानेवारी 2020 ला थांबलं. आणि मामा त्याच लॅपटॉपवर बँकेचे व्यवहार करत होते! मला कळलं तेव्हा माझ्या पोटात गोळाच आला. विंडोज काढावं तर कुंडली बंद, ठेवावं तर बँक उघड्यावर. मग ठरवलं, दोन्ही ठेवायचं. एका घरात दोन चुली. नवीन एसएसडीवर लिनक्स, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी दुसरी, फुकट मिळणारी प्रणाली, ते इंटरनेटसाठी आणि बँकेसाठी. जुन्या डिस्कवर विंडोज 7, ते फक्त ग्रहांसाठी, आणि त्याचं वायफाय कायमचं बंद.

ज्यांच्याकडे विंडोज 10 आहे त्यांनीही कान द्या. त्याची मुदत 14 ऑक्टोबर 2025 ला संपली आहे, आणि विंडोज 11 टीपीएम 2.0 नावाची सुरक्षेची सोय मागतं. ते जुन्या लॅपटॉपात बहुधा नसतं. म्हणजे ही कथा एकट्या मामांची नाही.

तर दुसरी डिस्क ठेवायची कुठे? डीव्हीडीच्या जागी. पुष्कळशा जुन्या लॅपटॉपमध्ये डीव्हीडी ड्राइव्ह खालून एकाच स्क्रूवर अडकलेला असतो. स्क्रू काढा, खणासारखा बाहेर येतो. त्या मापाची एक चौकट मिळते, तिला कॅडी म्हणतात. मला चारपाचशे रुपयांत मिळाली. फक्त जाडी मोजून घ्या. 9.5 मिलिमीटर किंवा 12.7 मिलिमीटर. पुन्हा सांगतो, साडेनऊ किंवा बारा पूर्णांक सात, पट्टीने मोजा आणि मगच घ्या. मी अंदाजाने घेतली आणि परत करायला भर दुपारचा गेलो. एसएसडी घ्यायची ती अडीच इंची, साटा जोडणीची, जुन्या डिस्कच्याच आकाराची.

डीव्हीडीच्या जागी म्हटल्यावर मामींचा चेहरा उतरला. मुलीच्या लग्नाच्या सहा डीव्हीडी होत्या. त्या आधी डिस्कवर उतरवून घेतल्या, तेव्हा कुठे मला स्क्रूड्रायव्हरला हात लावता आला. तुम्हीही आधी प्रत काढा. फोटो, कागदपत्रं, सगळ्याची प्रत, आणि ती लॅपटॉपच्या बाहेर, वेगळ्या डिस्कवर. आधी प्रत, मग स्क्रूड्रायव्हर.

मग लॅपटॉप बंद करून आधी बॅटरी काढायची. जुन्या लॅपटॉपांची बॅटरी खटका सरकवला की हातात येते. हल्लीच्या पातळ लॅपटॉपात ती बहुधा आत बंदिस्त असते. ज्या वस्तूची बॅटरी मालकाला काढता येत नाही, ती वस्तू त्याची कसली? भाड्याने दिलेली म्हणा. असो. स्क्रू वाटीत ठेवा. वाटी स्टीलची घ्या, म्हणजे पडलेला स्क्रू वाजतो.

आता कामाचा मुद्दा. जुनी डिस्क काढून बाजूला ठेवायची, तिच्या जागी एसएसडी बसवायची, आणि जुनी डिस्क आत नसतानाच लिनक्स टाकायचं. पुन्हा सांगतो, लिनक्स टाकताना जुनी डिस्क लॅपटॉपात नको. आत नसेल तर चुकून पुसलीच जाणार नाही. लिनक्सचे बरेच प्रकार आहेत, मी मिंट घेतलं. ते टाकायला 4 जीबीचा पेन ड्राइव्ह पुरतो, आणि काही न बसवता नुसतं त्यावरून चालवूनही बघता येतं. काम झालं की जुनी डिस्क कॅडीत घालून डीव्हीडीच्या जागी सरकवायची. सुरू करताना एफ12 किंवा एफ9, कंपनीप्रमाणे कळ वेगळी, ती दाबली की कुठल्या डिस्कवरून सुरू व्हायचं ते लॅपटॉप विचारतो. काही लॅपटॉप डीव्हीडीच्या जागेवरून सुरूच होत नाहीत. तिथे दोन्ही डिस्कांची अदलाबदल करायची. आणि विंडोज 10 वाल्यांनी त्यातलं फास्ट स्टार्टअप बंद करायचं. ते चालू असलं तर विंडोज पुरतं बंद होतच नाही, डुलकी घेतं, आणि लिनक्सला त्याच्या डिस्कवर काही लिहिता येत नाही.

मामांचा लॅपटॉप आधी साडेतीन मिनिटं घ्यायचा. लिनक्स वीस सेकंदांत उभं राहिलं. मामी म्हणाल्या, “अगंबाई, झालंसुद्धा?” मी खुशीत संध्याकाळची गाडी पकडून पुण्याला परत आलो.

आता जे सांगायला मी खरं तर इथे बसलोय, ते सांगतो.

डिसेंबरचा पहिला आठवडा होता. रात्री दहाला मामांचा फोन. मामा कधी रात्री नऊनंतर फोन करत नाहीत. मी घाबरून विचारलं, “मामा, सगळं ठीक ना?” मामा म्हणाले, “मी ठीक आहे. तुझ्या लॅपटॉपने सूर्य डोक्यावर आणून ठेवलाय.”

मला काही उमगेना. मग त्यांनी सांगितलं ते असं. संध्याकाळी शेजारच्या काकू आल्या होत्या. त्यांची एक कुडी हरवली होती, सासूबाईंनी दिलेली, मोत्यांची. घर पालथं घातलं, मिळेना. तर मामांनी प्रश्न बघावा. प्रश्नकुंडली म्हणजे प्रश्न विचारला त्या क्षणाची कुंडली, हे तुम्हाला ठाऊकच आहे. मामांचा प्रोग्राम तो क्षण लॅपटॉपच्या घड्याळावरून आपणच उचलतो. कळ दाबली की कुंडली तयार. काकू रडवेल्या झालेल्या. मामांनी कुंडली बघितली आणि सांगितलं, वस्तू घरातच आहे, खाली आहे, पाण्याच्या जागी बघा. हे कशावरून, ते मला विचारू नका. काकू उठून गेल्या.

मामांची एक सवय आहे. दिवसभरात मांडलेल्या कुंडल्या रात्री जेवणानंतर शाईच्या पेनाने वहीत उतरवून काढतात. उतरवता उतरवता हात थांबला. कुंभ लग्न, रवी वृश्चिकेत, म्हणजे रवी दहाव्या स्थानी. दहाव्या स्थानी रवी असतो तो भर दुपारी. आणि काकू आल्या होत्या दिवेलागणीला, सव्वासहाला. मामी देवाजवळ निरांजन लावत होत्या! बाहेर अंधार पडत होता आणि कुंडलीत ऊन तापलेलं. मामांनी कुंडलीची वेळ बघितली. काकू आल्या तेव्हाची वेळ प्रोग्रामने नोंदली होती, दुपारी पाऊण.

मामांचा संताप का, ते समजून घ्या. हा माणूस मिनिटामिनिटाचा हिशेब ठेवणारा. भारताची प्रमाणवेळ साडेब्याऐंशी रेखांशाची, सांगली त्याच्या पश्चिमेला, म्हणून सांगलीची स्थानिक वेळ सुमारे 32 मिनिटांनी मागे. ती 32 मिनिटं त्यांनी आयुष्यात कुठल्या पत्रिकेत चुकवलेली नाहीत. (जाता जाता, 1906 साली प्रमाणवेळ आली तरी मुंबईने आपली स्वतःची, 39 मिनिटं मागची वेळ पुढे कितीतरी वर्षं सोडली नाही. मला मुंबईचा तो हट्ट फार आवडतो. प्रत्येक गावाला आपला सूर्य असावा.) तर 32 मिनिटं जपणाऱ्या माणसाच्या लॅपटॉपात मी साडेपाच तासांची चूक घालून ठेवली होती.

साडेपाच तास. आकडा ऐकला आणि मी कपाळावर हात मारला. सव्वासहातून साडेपाच तास गेले की पाऊण. ग्रीनिच!

लॅपटॉपच्या आत बटणाएवढा एक सेल असतो. लॅपटॉप बंद असतानाही त्याच्यावर एक छोटं घड्याळ चालू असतं. घड्याळ एकच, पण विंडोज आणि लिनक्स ते दोन तऱ्हांनी वाचतात. विंडोज म्हणतं, ही इथलीच वेळ. लिनक्स म्हणतं, ही ग्रीनिचची वेळ, आपण त्यात साडेपाच तास मिळवून दाखवू. मामांनी सकाळी लिनक्समध्ये बँकेचं काम केलं. लिनक्सने इंटरनेटवरून बरोबर वेळ घेतली आणि आतल्या घड्याळात ग्रीनिचची वेळ लिहून ठेवली. संध्याकाळी विंडोज उठलं आणि त्याने तीच वेळ सांगलीची म्हणून दाखवली. इंटरनेट असतं तर विंडोजने कधीतरी स्वतःला सुधारलं असतं, पण त्याचं इंटरनेट मीच तोडलेलं.

उपाय एका ओळीचा. लिनक्सच्या टर्मिनलमध्ये, म्हणजे आदेश टाइप करायच्या खिडकीत, टाइमडेटसीटीएल हा आदेश, त्यापुढे सेट-लोकल-आरटीसी, त्यापुढे आकडा एक. पुन्हा सांगतो, टाइमडेटसीटीएल, सेट-लोकल-आरटीसी, एक. म्हणजे लिनक्सही आतलं घड्याळ इथल्या वेळेवर ठेवतं. ज्या देशांत उन्हाळ्यात घड्याळं पुढे-मागे करतात तिथे यातून घोळ होतो. आपल्याकडे ती भानगड नाही. मी फोनवर एकेक अक्षर सांगितलं, मामांनी एकेक टाइप केलं, आणि मग विंडोजचं घड्याळ हाताने जुळवलं. रात्रीचे अकरा वाजले.

मग मामांनी काय केलं, तर सव्वासहाची खरी कुंडली मांडली. वृषभ लग्न, रवी सातव्यात, मावळता, जिथे असायला हवा तिथे. आणि ती बघून फोनवर बराच वेळ काही बोलेचनात. मी विचारलं, “काय झालं?” म्हणाले, “वस्तू घराबाहेर गेलीय. मिळणार नाही. त्या बाईला मी खोटी आशा लावली रे.” सकाळी जाऊन तिला खरं सांगणार, असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

सकाळी मामा सदरा घालून निघतायत तोच काकू पेढे घेऊन दारात. कुडी सापडली होती. मोरीत, पाण्याच्या पिंपाच्या मागे, भिंतीशी.

मामांनी पेढा घेतला नाही. मामींनी दोन घेतले. मामांनी काकूंना समोर बसवून सगळं समजावलं, ग्रीनिच, सेल, विंडोज, लिनक्स, साडेपाच तास. काकूंनी शांतपणे ऐकून घेतलं. आता त्यांच्या नातीच्या नोकरीचा प्रश्न आहे. परवा आल्या होत्या. मामा कळ दाबायला गेले तर म्हणाल्या, “भाऊजी, या घड्याळावर नको. ते आधीचं होतं ना, त्याच्यावरच मांडा.”