धा मिनटां राव

(दृश्य : मिरामार, रविवारची सकाळ. ऊन अजून माडांच्या शेंड्यांवरच. रस्त्याच्या तोंडाशी लोखंडी बॅरिकेड.)

पोदेर, म्हणजे गोव्यातला पाववाला, आला. सायकलच्या कॅरिअरला उंड्यांची, म्हणजे गोल पावांची, टोपली, टोपलीवर निळं प्लास्टिक, हॅण्डलला रबरी भोंगा. पों-पों. रोजचा रस्ता, रोजची घरं. आज मात्र कोपऱ्यावर बॅरिकेड आहे, आणि पलीकडून वेगळ्याच सायकली सुसाट चालल्या आहेत. त्यातल्या एखादीच्या किमतीत सेकंडहॅण्ड गाडी दारात उभी राहील. पोदेर एक पाय जमिनीला टेकवून थांबतो.

"सोड रे बाबा, उंडे थंड जातले."

"धा मिनटां राव," पोलीस म्हणतो. दहा मिनिटं थांब. तोही पहाटेपासून उभा आहे आणि त्यालाही अजून चहा मिळालेला नाही.

(दृश्य : समुद्रातून बाहेर पडणारे स्पर्धक, टाळ्या वाजवणारी माणसं.)

पणजीत ही आयर्नमन 70.3 ट्रायथलॉन पहिल्यांदा झाली 20 ऑक्टोबर 2019 रोजी. 1.9 किलोमीटर पोहायचं, 90 किलोमीटर सायकल चालवायची आणि मग 21.1 किलोमीटर धावायचं. हे सगळं पुरं करायला साडेआठ तासांची मुदत. थोडक्यात, अर्धा रविवार.

आता नकाशा बघा. पणजी, ताळगाव, दोनापावला हा सगळा तिसवाडीचा भाग. उत्तरेला मांडवी, दक्षिणेला झुवारी, समोर समुद्र. दुसऱ्या शहरात एक रस्ता बंद झाला तर माणूस मागच्या गल्लीतून निघतो. इथे मागच्या गल्लीच्या टोकाला पाणी असतं. म्हणून आठच्या मिसाला, म्हणजे चर्चच्या प्रार्थनेला, निघालेली आजी, बांबोळीच्या हॉस्पिटलात ड्युटी बदलायला निघालेली नर्स आणि रविवारचं नुस्तें, म्हणजे मासळी, आणायला बाजाराकडे निघालेले काका एकाच बॅरिकेडपाशी भेटतात. गोव्यात रविवारी नुस्तें चुकलं तर घरात किती शांतता पसरते, हे ज्याला माहीत आहे त्यालाच काकांचा चेहरा वाचता येईल.

पण हेच काका तासाभराने कठड्यावर बसून धावणाऱ्यांना पाणी देत होते, तेही सांगायला हवं. राग शर्यतीचा नसतो. रस्ता किती वाजता सुटणार, हे आदल्या आठवड्यात कुणी दारावर येऊन सांगितलं असतं, तर आजी सातच्या मिसाला गेली असती.

(दृश्य : फातोर्डा. स्टेडियमबाहेरचा रस्ता, संध्याकाळ.)

मडगावात ही सवय जुनी. फातोर्ड्याचं पंडित जवाहरलाल नेहरू स्टेडियम 1989 मध्ये, नेहरू करंडक फुटबॉल स्पर्धेच्या वेळी उभं राहिलं. तेव्हापासून आसपासच्या घरांना सामन्याचं कॅलेंडर वेगळं लावावं लागत नाही. फाटकासमोर अनोळखी स्कूटर उभी दिसली की समजायचं, आज मॅच आहे. गाड्यावर रॉस ऑमलेटच्या, म्हणजे रश्शातल्या ऑमलेटच्या, तव्याखाली आच वाढते, चोरीस-पावाचा, म्हणजे गोव्याच्या सॉसेजचा, वास अख्ख्या वाड्यात शिरतो, आणि पहिल्या गोलाचा आवाज टीव्हीच्या आधी खिडकीतून येतो. 2017 च्या ऑक्टोबरात 17 वर्षांखालच्या विश्वचषकात इराणने जर्मनीला 4-0 ने हरवलं, ते इथेच.

मग कोविड आला आणि गोष्ट उलटी झाली.

2020-21 आणि 2021-22 असे इंडियन सुपर लीगचे दोन्ही हंगाम जवळजवळ रिकाम्या स्टँडसमोर, पूर्णपणे गोव्यात खेळवले गेले. फातोर्डा, वास्कोचं टिळक मैदान आणि बांबोळी, ही तीन मैदानं. एका हंगामात 115 सामने. फातोर्ड्याच्या बाल्कनीतून फ्लडलाइटचा पांढरा उजेड दिसायचा. गेट मात्र बंद. गर्दीचा आवाज टीव्हीत रेकॉर्ड केलेला, आणि खिडकीबाहेर फक्त शिट्टी आणि प्रशिक्षकाची ओरड. पर्यटक नव्हते त्या काळात हॉटेलांना संघांनी तारलं हे खरं. त्याच हॉटेलांत बबलच्या आत, म्हणजे बाहेर पडायला बंदी असलेल्या घेऱ्यात, कामाला राहिलेल्या माणसांची घरं कधीकधी अर्ध्या तासावर होती. त्यांनी घर पाहिलं ते मोबाइलवर. 20 मार्च 2022 च्या अंतिम सामन्याला अखेर गेट उघडलं, तेव्हा आत शिरला तो केरळच्या चाहत्यांचा पिवळा लोंढा. गोव्याचा संघ अंतिम फेरीत नव्हताच.

(दृश्य : पेडणे तालुका. धारगळ. रस्त्याकडेची शेतं, काजू.)

सगळ्यात लांब वाट पाहिली ती मात्र या बाजूला.

राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी धारगळला क्रीडानगरी उभारायचं ठरलं होतं. जमीन घेण्यावरून वाद पेटला आणि वर्षानुवर्षं रेंगाळला. गोव्यात जमीन गेली की पैशाआधी एक प्रश्न येतो : मोबदला कुणाचा, भाटकाराचा, म्हणजे जमीनमालकाचा, की कुळाचा? पिढ्यानपिढ्या कसणाऱ्याचं नाव कागदावर असेलच असं नाही. अशा जमिनीवर माणूस नवीन कलम लावायला कचरतो. उद्या घेतलीच तर? बागायतीच्या हिशेबात दहा वर्षं म्हणजे उत्पन्न देणारं झाड.

स्पर्धा पुढे जात राहिल्या. तयारी नाही म्हणून, मग कोविड म्हणून. गोव्याच्या वाट्याची 36 वी आवृत्ती शेवटी 2022 मध्ये गुजरातने भरवली. गोव्यात 37 वी झाली, 26 ऑक्टोबर ते 9 नोव्हेंबर 2023. दहा हजारांहून जास्त खेळाडू आले आणि हॉटेलांत उतरले. क्रीडानगरी नव्हतीच.

(दृश्य : ताजा हॉटमिक्स रस्ता, त्याला लागून खड्ड्यांची आतली वाट.)

त्या वर्षी पणजी आधीच खणलेली होती, स्मार्ट सिटीच्या कामांसाठी. पाहुणे जिथून जाणार ते रस्ते हॉटमिक्स झाले. आतली वाट जशीच्या तशी. गोव्यात लोक गमतीने म्हणतात, रस्ता दुरुस्त करायचा असेल तर व्हीआयपीला जेवायला बोलवा.

तरी त्या पंधरवड्यात गोव्याच्या खेळाडूंनी 27 सुवर्णांसह 92 पदकं मिळवली. एखाद्या पोराचं पदक गावात पोचतं तेव्हा वाड्यावर फटाके वाजतात, आणि कालपर्यंत बॅरिकेडला शिव्या देणारा शेजारीच पहिली माळ लावतो. हिशेब बरोबर झाला, असं मात्र मी म्हणणार नाही. पदक एका घरात येतं, रस्ता सगळ्यांचा अडतो.

(दृश्य : कांपाल, जलतरण तलाव. संध्याकाळचे सहा.)

2023 च्या पोहण्याच्या शर्यती या तलावात झाल्या. आता इथे शाळेची पोरं शिकतात. कुणाची शिकवणी सातला, कुणाची साडेसातला. बाहेर स्कूटरवर आया बसल्या आहेत. एकीच्या मांडीवर टिफिन, दुसरीच्या हातात टॉवेल. तिने दोनदा हाक मारली आहे.

"मम्मी, आनी एक लॅप!"

ती घड्याळाकडे बघते आणि पुन्हा सीटवर टेकते.

बाहेरच्या रस्त्यावरून पोदेर चालला आहे, संध्याकाळच्या फेरीचा. पों-पों. आज बॅरिकेड नाही. ती हात करून त्याला थांबवते आणि चार उंडे घेते. गरम आहेत.