ग्राउंडेड ग्रिड अॅम्प्लिफायर: इनपुट जुळवताना

ग्राउंडेड ग्रिड अॅम्प्लिफायरमध्ये नळीचा ग्रिड चॅसिसला जोडलेला असतो आणि ट्रान्सीव्हरचा (रेडिओ संचाचा) सिग्नल कॅथोडला दिला जातो. त्यात दोन ३-५००झेड व्हॅक्यूम नळ्या समांतर जोडल्या की कॅथोडकडून साधारण ५५ ते ६० ओहम इंपीडन्स दिसतो. मग हमखास प्रश्न येतो, ट्रान्सीव्हरला लागणाऱ्या पन्नास ओहमच्या इतकं जवळ आहे तर जुळवणारं नेटवर्क हवं कशाला? पण हा आकडा सरासरीचा. नळी प्रत्येक सायकलच्या जेमतेम अर्ध्या भागात प्रवाह ओढते, उरलेल्या भागात ट्रान्सीव्हरसमोर जवळपास लोडच नसतो. थेट जोडणीत ड्राइव्ह (ट्रान्सीव्हरकडून दिलेली शक्ती) जास्त लागतो आणि डिस्टॉर्शन वाढतं. कॅथोडला लागूनच बसवलेलं पाय (π) नेटवर्क, म्हणजे दोन कपॅसिटर आणि मध्ये कॉइल, फ्लायव्हीलसारखं ही खळगी भरून काढतं.

नेटवर्कचा क्यू, म्हणजे ते किती ऊर्जा साठवतं त्याचं माप, २ धरू. ७.१ मेगाहर्ट्झला ट्रान्सीव्हरकडे सुमारे ९०० पिकोफॅरड, कॅथोडकडे ८५० आणि मध्ये ०.९३ मायक्रोहेन्रीची कॉइल. ३.६ला सगळं जवळपास दुप्पट. क्यू फार वाढवलात तर बँडच्या दोन टोकांना मॅच सुटतो. १०० वॅट ड्राइव्हला ९०० पिकोफॅरडमधून सुमारे २.८ अँपियर वाहतात, म्हणून ३०० पिकोफॅरडचे तीन सिल्व्हर मायका समांतर लावा. स्वस्त डिस्क सिरॅमिक इथे नकोच.

पहिलं ट्यूनिंग थंड अवस्थेत. प्लग काढा, प्लेट व्होल्टेजचा मीटर शून्यावर येऊ द्या, झाकण उघडल्यावर इन्सुलेटेड मुठीच्या धातूच्या दांड्याने प्लेटची लाइन चॅसिसला टेकवा. नळ्या सॉकेटमध्येच राहू द्या, त्यांची कपॅसिटन्स मोजणीत यायला हवी. कॅथोड ते चॅसिस ५६ ओहमचा नॉन-इंडक्टिव्ह रेझिस्टर लावा, त्याच्या तारा अगदी आखूड. नेटवर्कच्या ट्रान्सीव्हरकडच्या तोंडाशी अँटेना अॅनालायझर जोडून स्लग (कॉइलच्या आतला फिरता गाभा) फिरवा. डिप, म्हणजे एसडब्ल्यूआर (जुळणी किती चुकली ते सांगणारा आकडा, १ म्हणजे अचूक) सर्वात कमी होतो ती जागा, बँडच्या खाली पडली तर कॉइलचा इंडक्टन्स जास्त आहे. डिप जागेवर असूनही एसडब्ल्यूआर १.५च्या खाली येत नसेल, तर स्लगशी झटू नका, दोन कपॅसिटरचं प्रमाण बदला. काम झालं की रेझिस्टर काढा. हे सांगावं लागतं, कारण तो आतच राहून जातो.

खरा निकाल पूर्ण ड्राइव्हला. आधी डमी लोडवर (अँटेनाऐवजी लावलेल्या रेझिस्टरवर) आउटपुटचे प्लेट ट्यून आणि लोड हे दोन नॉब नीट बसवा. ग्राउंडेड ग्रिडमध्ये ड्राइव्हची बरीचशी शक्ती आउटपुटकडेच जाते, त्यामुळे आउटपुट बिघडलेलं असताना इनपुटचा आकडाही खोटाच. कमी ड्राइव्हला एसडब्ल्यूआर चढलेला दिसतो, तो दुरुस्त करायला जाऊ नका. आणि प्लेट व्होल्टेज नसताना ड्राइव्ह कधीच देऊ नका. सगळा प्रवाह ग्रिडवर येतो. स्लगसाठी चॅसिसला बाहेरून भोक नसेल, तर प्रत्येक फेरफारापूर्वी बंद, डिस्चार्ज, मगच हात.

फक्त १६० किंवा ८० मीटरवरच जुळत नसेल तर फिलामेंट चोक (फिलामेंटच्या पुरवठ्यातली कॉइल) तपासा, इंडक्टन्स कमी पडत असणार. १० मीटरवर अडलं तर नेटवर्क ते कॅथोड वायरची लांबी बघा. आणि सुरुवातीला ठीक असलेला एसडब्ल्यूआर ट्रान्समिटची की दाबून ठेवल्यावर हळूहळू वर सरकत असेल, तर एखादा कपॅसिटर तापतोय. बंद करून, डिस्चार्ज करून बोट लावा, तो लगेच सापडेल.