बर्फाची लादी आणि क्वांटम डॉट

(दृश्य: मोटरसायकलच्या कॅरिअरवर बारदानात गुंडाळलेली बर्फाची लादी)

अमरावती जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. एप्रिल सरत आलाय, सकाळी दहालाच पारा चाळिशीत. ही लादी रसवंतीवर निघालेली नाही. ती चाललीय कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत.

इथे झिंक ऑक्साइडचे क्वांटम डॉट तयार होतात. म्हणजे अर्धवाहकाचे (सेमीकंडक्टरचे) स्फटिकच, पण तीन ते सहा नॅनोमीटरचे. एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. झिंक या भागाला नवं नाही. संत्र्याची पानं पिवळी पडली की कृषी केंद्रातून झिंक सल्फेटची पिशवी येतेच. इथे लागतं ते झिंक अ‍ॅसिटेट.

(दृश्य: चंबू, अगदी जवळून)

झिंक अ‍ॅसिटेट गरम अल्कोहोलात विरघळवलं. चंबू बर्फात बसवला. आता त्यात पोटॅशियम हायड्रॉक्साइड, तेही अल्कोहोलातलंच, थेंब थेंब. हात जरा सैल सुटला की पांढरा साका बसतो आणि सकाळची मेहनत मोरीत. गारवा एवढ्याचसाठी, की कण तयार व्हावेत पण वाढू नयेत. द्रावण बघा, पाण्यासारखं नितळ. खिडक्यांना काळा कागद लागला. दुकानात नोटा तपासतात तो जांभळा दिवा लावला.

(दृश्य: अंधारात हिरवा उजेड. इथे निवेदन थांबवा.)

कण जितका लहान, तितकी आतल्या इलेक्ट्रॉनची कोंडी जास्त आणि उजेड निळ्याकडे झुकलेला. कण वाढला की तोच उजेड पिवळ्याकडे सरकतो. दिमडी चढ्या आवाजात बोलते, ढोल खालच्या, तसं काहीसं. आकाराचा हा खेळ १९८१ मध्ये सोव्हिएत रशियात अलेक्सेई एकिमोव्ह यांनी रंगीत काचेत दाखवला, १९८३ मध्ये अमेरिकेत लुई ब्रुस यांनी द्रावणात. १९९३ मध्ये मौंगी बावेंडी यांनी एकसारख्या मापाचे कण बनवण्याची रीत दिली. २०२३ चं रसायनशास्त्राचं नोबेल या तिघांना मिळालं.

त्यांच्या प्रयोगशाळांना विदर्भाचा उन्हाळा मात्र माहीत नव्हता.

(दृश्य: दिव्याखाली ओळीनं परीक्षानळ्या)

बर्फातून बाहेर काढलेली बाटली टेबलावर राहिली की कण वाढू लागतात आणि उकाड्यात ते आणखी भरभर वाढतात. एम.एस्सी.ची विद्यार्थिनी तासातासानं नमुना काढते, खोलीचं तापमान वहीत टिपते. हिरव्यावर पोपटी छटा, मग पिवळट. "सर, पाहा ना, पिवयं होऊन रायलं!" इतरांना जी अडचण वाटली, तोच हिनं प्रकल्पाचा विषय केला: किती तापमानाला कण किती वेगानं वाढतो.

नेमकं माप घ्यायला इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक लागतो. तो इथे नाही. नमुने नागपूरला जातात, खर्च खिशातून. टीव्हीच्या पडद्यात वापरतात त्या काही डॉटमध्ये कॅडमियम असतं, ते विषारी. म्हणून इथे झिंकच.

(दृश्य: पाण्यात टाकलेला थेंब, गढूळ होताना)

पाण्यात मात्र हे कण एकमेकांना चिकटतात आणि उजेड मंदावतो. पाण्यात टिकवायचे तर त्यांच्यावर सिलिकाचं कवच चढवावं लागेल. पुढच्या सत्रात तेच काम. रसायनं येऊन पडलीत. फ्रीज तेवढा प्राणिशास्त्र विभागाकडून उसना आणलेला आहे, आणि जूनमध्ये तो परत करायचा आहे.