हातोडी कोणाच्या हातात?

(पालक-मेळाव्यातील व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

नमस्कार. पत्रिकेवर विषय छापलाय 'छंदवर्गांचे फायदे', आणि खाली बारीक अक्षरात 'पाच मुद्दे'. म्हणजे पळवाट ठेवलेली नाही. पाचही सांगेन. पण त्याआधी माझ्या शेजारी ठेवलेला हा तबला बघून घ्या. कार्यक्रम सुरू व्हायच्या आधी तो पेटीच्या काळी एकला, म्हणजे पहिल्या काळ्या पट्टीच्या सुराला, लावलाय. सव्वापाच इंचांचा, टिपेचा तबला आहे. डोक्यावर मोठे दिवे आहेत, ते तापलेत, आणि तबल्याच्या तोंडावर बकऱ्याचं कातडं आहे. भाषण संपेपर्यंत त्याला कुणी हात लावू नका. शेवटी त्याच्याकडे काम आहे.

माझं म्हणणं एका वाक्यात सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना मागच्या मागे निघायचंय त्यांची सोय होईल. छंदवर्गाचा खरा फायदा ज्या कामात दडलेला असतो, नेमकं तेच काम आपण मोठी माणसं 'मुलांचा वेळ वाचावा' म्हणून परस्पर उरकून टाकतो. मग उरलेल्या कामाची फी भरतो.

तबल्याच्याच वर्गाचं बघा. मुलं यायच्या आधी सर आठ-दहा तबले लावून, चुंबळीवर नीट बसवून ओळीने मांडून ठेवतात. मुलं येतात, बसतात, वाजवतात, जातात. परीक्षा होतात: प्रारंभिक, प्रवेशिका प्रथम, प्रवेशिका पूर्ण, मध्यमा. वाजवायच्या रचना येतात: कायदे येतात, रेले येतात, चक्रदार येते. आणि पाच वर्षांत तबला सुरात लावायची हातोडी एकदाही हातात आलेली नसते. शाळेच्या स्नेहसंमेलनात विंगेत उभं राहून 'सर कुठेत, सर कुठेत' असं विचारत फिरणारा मुलगा तबलजीच असतो, हे ओळखायला त्याच्या हातातली हातोडी पुरेशी असते. वापरायची कशी ते माहीत नसतं, म्हणून तो ती सरांकडे पोचवायला निघालेला असतो. (हशा)

हसू नका, तुमच्या-माझ्या घरातलीच गोष्ट आहे. बरं, तबला लावणं म्हणजे काय फार मोठी विद्या आहे का? सांगतो.

तबल्याच्या खोडाभोवती वादी, म्हणजे चामड्याची पट्टी, ताणलेली असते. तिच्याखाली ८ गट्टे, म्हणजे लाकडी ठोकळे, असतात आणि तोंडाच्या कडेला, गजऱ्यावर, म्हणजे कातड्याच्या विणलेल्या कड्यावर, १६ घरं. खोड खाली रुंद होत जातं, म्हणून गट्टा खाली ठोकला की वादी ताणली जाते आणि स्वर चढतो. खालून वर ठोकला की उतरतो. एका स्वराहून जास्त फरक असेल तर गट्ट्यांना हात घालायचा, त्याहून कमी असेल तर फक्त गजऱ्याला. गजऱ्यावर वरून हलका ठोका दिला की ते घर चढतं, खालून दिला की उतरतं. हातोडीच्या वजनाने जेवढा ठोका पडेल तेवढाच. खांद्यातून घाव घालायला आपण खिळा मारत नाही आहोत. हातोडीची कड वादीवर पडली तर वादी तुटते. चाटेवर, म्हणजे तोंडाच्या कडेच्या कातडी पट्टीवर, पडली तर पुडी, म्हणजे तोंडावरचं सगळं कातडंच, गेली.

आता क्रम. अनामिका शाईच्या, म्हणजे मधल्या काळ्या गोलाच्या, कडेवर हलकी टेकवायची आणि तर्जनीने चाटेवर 'ना' हा बोल वाजवायचा. एक घर झालं की लगेच शेजारच्या घराकडे जायचं नाही, समोरच्या घराकडे जायचं. मग काटकोनातली दोन, मग मधली. एकाच बाजूने ताणत गेलात तर गजरा तिरका बसतो आणि पुडी त्या बाजूला सरकते. पुढे कितीही ठोका, कुठलं ना कुठलं घर बेसूर राहतंच.

नवख्या मुलाची चूक मात्र इथे होत नाही. ती होते कानात. जोरात वाजलेलं त्याला चढं वाटतं. एका घरावर बोट नीट पडलं, आवाज खणखणीत आला, की तो म्हणतो, हे चढलंय. आणि चांगल्या लागलेल्या घराला खालून ठोकून उतरवून ठेवतो! म्हणून पहिला नियम, सोळाही घरांवर 'ना' सारख्याच जोराने. दुसरा नियम, आधी पेटीचा 'सा' गळ्यातून काढायचा, मगच हातोडी उचलायची. गळ्यात नसलेला स्वर हातोडीला सापडत नाही. गळ्यातून 'सा' काढायला लाजणारी मुलं या एका कारणासाठी गुणगुणायला लागतात, हा वरचा फायदा. त्याचे वेगळे पैसे नाहीत.

सराईत माणसाला याला दोन-तीन मिनिटं लागतात. दहा वर्षांच्या मुलाला सुरुवातीला वीस-पंचवीस. वर्ग असतो तासाचा. म्हणजे पहिले काही आठवडे अर्धा तास ठोकण्यातच जाणार. घरी आल्यावर आई विचारणार, आज काय शिकवलं? मुलगा म्हणणार, ठोकलं. पुढच्या महिन्यात ती माउली दुसरा क्लास बघते. (हशा) सरांनाही हे माहीत असतं, म्हणून ते तबले लावून ठेवतात. दोष एकट्या सरांचा नाही.

पावसाळ्यात तर या वर्गात शाळेपेक्षा जास्त विज्ञान शिकवता येतं. दमट हवेत कातडं ओल धरतं, तबला उतरतो. कोरड्या उन्हात, दिव्याखाली चढतो. दुपारी लावलेला तबला झाकून न ठेवता खिडकीपाशी ठेवला की संध्याकाळी वेगळाच निघतो. हाताला घाम आला तर शाई ओलसर होऊन तिचे कण सुटायला लागतात, म्हणून तबलजी पावडर लावतात, शोभेसाठी नव्हे. आणि ती शाई तिथे असते कशाला? नुसत्या ताणलेल्या कातड्यातून जे उपस्वर निघतात ते एकमेकांशी नीट जुळत नाहीत. ताशाचं उदाहरण घ्या. कडकडाट भरपूर, पण त्याला 'हा सा आहे' असं म्हणता येत नाही. लोहचूर्ण आणि खळ यांचे थरावर थर घोटून मधोमध वजन दिलं की उपस्वर पटीत येतात आणि कातडं सुरात बोलतं. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२० साली 'नेचर'मध्ये यावरच लिहिलं होतं. नोबेल त्यानंतर दहा वर्षांनी, दुसऱ्या कामासाठी. पण ज्या मुलाने तबला स्वतः लावलाय त्याला रामन काय म्हणतात ते पाच मिनिटांत कळेल. ज्याने नाही लावला, त्याला ते सामान्यज्ञानाच्या पुस्तकातलं एक वाक्य.

जरा आडवाटेला जातो. विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. गुरूच्या घरी राहून, पाणी भरून, मर्जी सांभाळून मिळणारी विद्या त्यांनी वर्गात, वेळापत्रकावर आणि ठरावीक फीवर आणली. तुमची-आमची मुलं संगीत शिकू शकतात ती त्या उपकारावर, आणि परीक्षा देतात त्या १९३१ साली स्थापन झालेल्या अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या. पण गुरूच्या घरी शिष्याचं पहिलं काम असायचं तानपुरा लावायचं, तबला लावायचं. वेळापत्रक आलं आणि हे काम तासात बसेना. ते कुणी मुद्दाम काढलं नाही, गळून गेलं.

चित्रकलेचं तेच. एलिमेंटरी-इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षांना 'स्मरणचित्र' नावाचा पेपर असतो. तुम्ही पाहिलेला बाजार, तुम्ही पाहिलेली मिरवणूक आठवून काढायची. वर्गात काय होतं? सर फळ्यावर भाजीवाली काढतात, मुलं ती वीस वेळा गिरवतात. परीक्षेत बसस्टॉप आला तर तीच भाजीवाली टोपली ठेवून बसस्टॉपवर उभी. (हशा) स्मरण झालं, पण सरांच्या चित्राचं. मंडईत अर्धा तास उभं राहायचं, वही उघडायची नाही, घरी येऊन काढायचं, आणि तराजू कुठल्या हातात होता ते आठवलं नाही म्हणून दुसऱ्या दिवशी परत जायचं. हा 'परत जायचं' भाग वर्गात बसत नाही.

बुद्धिबळात चाल खेळून झाली की ती कागदावर लिहायची असते. वर्गात हल्ली पडद्यावर आपोआप नोंद होते. मग हरलेला डाव मुलाच्या अक्षरात त्याच्याकडे उरतच नाही, आणि कुठे चुकलो ते तो शोधणार कशात? मल्लखांबाला एरंडेल चोळणं, उडीच्या जागी गाद्या नीट भिडवून ठेवणं, हे काम ज्या आखाड्यात मुलं करतात तिथे दोन गाद्यांमधल्या फटीत पाय जाऊन घोटा मुरगळण्याचे प्रकार कमी होतात, कारण फट कुठे राहते ते मुलांनी डोळ्यांनी पाहिलेलं असतं. बालवैज्ञानिक स्पर्धेतल्या मुलांच्या प्रकल्पांबद्दल मी बोलत नाही. समोर अनेक वडील बसलेत, त्यातले काही स्वतःच्या दुसऱ्या प्रकल्पावर असतील.

चिठ्ठी आली. 'दहा मिनिटे. पोहे तयार आहेत.' पाच मुद्दे राहिलेच की!

तर भराभर. पण आधी जे फायदे नाहीत ते काढून टाकू. संगीताने बुद्धी वाढते, अबॅकसने गणित सुधारतं, बुद्धिबळाने एकाग्रता येऊन टक्के वाढतात, असं पत्रकांवर असतं. १९९३ साली मोझार्टवरचा तो गाजलेला प्रयोग झाला. त्यात लहान मुलं नव्हतीच, कॉलेजचे विद्यार्थी होते, दहा मिनिटं ऐकवलं आणि जो काही परिणाम दिसला तो पंधरा मिनिटांत ओसरला. त्यावर बाळांसाठीच्या सीड्या विकल्या गेल्या. बुद्धिबळ आणि संगीताचे असे अभ्यास एकत्र मांडून पाहिले तेव्हा शाळेतल्या प्रगतीवरचा परिणाम थोडा निघाला, आणि प्रयोग जितका काटेकोर तितका आणखी कमी. तबल्याने तबला येतो. तेवढ्यावर समाधान मानायला शिका.

पहिला फायदा ऐकण्याचा, तो हातोडीत सांगून झाला.

दुसरा, हिशेब. गणिताचे मार्क म्हणत नाही मी, हिशेब म्हणतोय. तिहाई घ्या. एक तुकडा तीनदा वाजवायचा आणि शेवटचा 'धा' बरोबर समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, आणायचा. तुकडा पाच मात्रांचा, मधे एक मात्रा थांबायचं. ५+१+५+१+५, झाले १७. तीनतालात मात्रा १६, म्हणजे सतरावी हीच पुढची सम. झपताल दहाचा, तिथे हवेत अकरा: ३+१+३+१+३. रूपक सातचा, तिथे आठ: २+१+२+१+२. एकताल बाराचा, तेरा कसे आणाल? ...हां, पाठीमागून कुणीतरी म्हटलं, तीन आणि दोन. बरोबर! ३+२+३+२+३. बघा, अर्ध्या मिनिटात आलं. पण वर्गात काय करतात? तिहाई तयार करून वहीत लिहून देतात. पुन्हा हातोडी सरांच्याच हातात.

तिसरा, वयांची सरमिसळ. शाळेत एका वयाची चाळीस-पन्नास मुलं. इथे आठ वर्षांच्या मुलीशेजारी पंधरा वर्षांचा मुलगा बसतो आणि तिचा 'तिरकिट' अडला की तो बोट धरून दाखवतो. दाखवताना त्याचा स्वतःचा सुधारतो. वयवार बॅचेस पाडणारे वर्ग हे घालवतात.

चौथा, चुकायची सोय. तबल्यावर चूक लगेच ऐकू येते, लाल शाईची वाट बघावी लागत नाही, आणि पुढच्या आवर्तनात ती दुरुस्त करता येते. शाळेत ही सोय सहामाहीनंतर मिळते.

पाचवा मोठ्या मुलांचा, आणि इथेच घोटाळा होतो. नववीचं वर्ष लागलं की क्लास बंद. दहावीला कलेचे वाढीव गुण मिळण्यापुरत्या परीक्षा झाल्या असतील तर विचारायलाच नको, तबला माळ्यावर. चौदा-पंधराव्या वर्षीच तर मुलाला घरातल्या माणसांचा नसलेला, मार्कांचा नसलेला असा एक तास हवा असतो. बंद करू नका, कमी करा. आठवड्यातून दोनदा असेल तर एकदा. घरी रोज वीस मिनिटं: पाच मिनिटं तबला लावायचा, दहा मिनिटं एकच कायदा ठाय, म्हणजे संथ, लयीत, उरलेली पाच मनाला येईल ते. शेवटची पाच कापू नका. मुलं टिकतात ती त्या पाचांवर.

वर्ग कसा निवडावा हेही लिहून आणलं होतं, ते राहिलं. एवढंच करा, चौकशीला जाल तेव्हा फी विचारायच्या आधी विचारा की वर्ग सुटल्यावर वाद्यं कोण आवरतं. 'आमचा माणूस आहे' असं उत्तर आलं तर दुसरीकडे बघा.

दुसरी चिठ्ठी. बरं, थांबतो. पण तबला राहिला. ऐका हं. हा पेटीचा काळी एकचा 'सा'. आणि हा... 'ना'. चढलाय की उतरलाय? हात वर करा. चढलाय म्हणणारे? बरेच आहेत. आता लहान मुलांपैकी एक जण इकडे या. ताई, तू ये, तीन आणि दोन तूच म्हणालीस ना? ही हातोडी. आधी 'सा' म्हण. लाजू नकोस, पोहे कुठे जात नाहीत. हां. आता गजऱ्यावर, खालून, हलकेच. चाटेवर नाही.