कोलंबियावर नांगर टाकून सॅमन: तो लाल बोया नेमका कशाला असतो?

नमस्कार मंडळी! ऑगस्ट लागला की कमेंट्समध्ये एकच प्रश्न सुरू होतो: "दादा, नांगर टाकून सॅमन कसा धरतात ते एकदा सविस्तर दाखवा." मागच्या एका व्हिडिओत माझ्या पाठीमागे आडव्या रांगेत उभ्या असलेल्या बोटी दिसल्या, आणि तेव्हापासून निम्म्या कमेंट्स त्या रांगेवरच आहेत. तर आज सांगतो. बोट ट्रेलरवरच आहे, कारण नदीवर बोललो की तुम्हाला माझ्याऐवजी वाराच ऐकू येतो.

आधी सोप्या गोष्टी पटापट उरकू. नदी कोलंबिया. कॅनडात उगम, अलीकडे ओरेगन, पलीकडे वॉशिंग्टन, आणि अॅस्टोरियाजवळ पॅसिफिकला मिळते. आपण बोलतोय ते बॉनविल धरणाच्या खालच्या पट्ट्याबद्दल. समुद्रापासून धरणापर्यंत साधारण 235 किलोमीटर. परवाना दोन्हीपैकी कुठल्याही एका राज्याचा चालतो, तुम्ही बोटीत असाल तर. सॅमनच्या नोंदीसाठी टॅग किंवा कार्ड लागतं. ओरेगनमध्ये 10 हॉर्सपॉवरच्या वरचं इंजिन चालवायचं तर बोटिंगचं शिक्षण घेतल्याचं कार्ड लागतं. आणि मोसमाच्या मध्येच नियम बदलतात, धरणावर किती मासे मोजले गेले त्यावरून मासेमारी उघडते आणि बंद होते. त्यामुळे "सध्या किती मासे ठेवता येतात?" हे मला विचारू नका. मी आज सांगेन, तुम्ही व्हिडिओ तीन आठवड्यांनी बघाल, आणि दंड तुम्ही भराल. आदल्या रात्री राज्याच्या मत्स्य विभागाची वेबसाइट बघायची, बस.

वसंतातला चिनूक, शरदातला चिनूक, कोहो... सॅमनच्या या प्रकारांवर वेगळा व्हिडिओ आहे. एवढंच लक्षात ठेवा की वसंतात ज्या चिनूकच्या पाठीवरचा, शेपटीजवळचा तो छोटा मांसल पर कापलेला असेल, तोच ठेवायचा. पर शाबूत म्हणजे मासा जंगली. त्याला पाण्यातच गळातून सोडवायचं, फोटोसाठी बोटीत घ्यायचं नाही.

आता नांगर टाकूनच का? एका साहेबांनी लिहिलंय, "ही आळशी माणसांची मासेमारी आहे, बोट हलवायची नाही आणि गप्पा मारायच्या." साहेब, गप्पा मारायच्या हे खरंच आहे. पण कारण वेगळं आहे. सॅमन समुद्रातून वर येतो तेव्हा त्याचं खाणं जवळपास थांबलेलं असतं. तो भूक लागली म्हणून आमिषाच्या मागे येत नाही. तो तळाजवळून, कमी ताकद लागेल अशा वाटेनं वर सरकत असतो. तुम्ही त्या वाटेवर बसायचं आणि त्याच्या तोंडासमोर काहीतरी वळवळत ठेवायचं. चिडून म्हणा, सवयीनं म्हणा, तो चावतो. वॉबलर, स्पिनर किंवा सार्डिनचा तुकडा बांधलेला प्लग, ही सगळी खोटी आमिषं, आणि यांना हलवायचं काम प्रवाह करतो. म्हणून ओहोटी हवी. खालच्या पट्ट्यात भरती आली की प्रवाह मंदावतो, समुद्राच्या जवळ तर उलटाच फिरतो, आणि वॉबलर मेल्यासारखा लटकतो. तेव्हा डबे उघडायचे.

मांडणी सोपी आहे. शिसं सरकत्या क्लिपवर, दीड-दोन फुटांच्या तंगुसाला. आमिष त्याच्या मागे चार-पाच फुटांवर. शिसं एवढंच जड की उचललं तर एक पाऊल मागे सरकेल आणि पुन्हा तळाला टेकेल. रॉड होल्डरमध्ये ठेवा. टोक एका लयीत डुलत असेल तर सगळं ठीक. लय थांबली तर पान किंवा शेवाळ अडकलंय, वर घ्या. आणि मासा चावला की रॉडवर झडप घालू नका! टोक पाण्याकडे वाकून तिथंच राहू दे, मग उचला. पहिल्या टकटकीला उचललेल्या रॉडवर मासा राहत नाही.

झालं. आता ज्यासाठी हा व्हिडिओ केलाय ते.

[बोया आणि दोर कॅमेऱ्यासमोर धरून]

हा बोया. "दादा, तो लाल फुगा कशाला? नांगर टाकला, दोर बोटीला गच्च बांधला, काम झालं ना?" ही कमेंट मला इतक्या वेळा आलीय की आता मी झोपेतही उत्तर देतो. नाही, काम झालं नाही. दोर बोटीला गच्च बांधायचा नसतो. दोराच्या वरच्या टोकाशी हा बोया असतो, आणि बोटीशी त्याची जोड अशी हवी की एका हाताच्या एका झटक्यात सुटेल. गाठ नको. ओला दोर ताणाखाली आला की गाठ दगडासारखी होते, ती बोटांनी सुटत नाही.

पहिलं कारण मासा. दहा-बारा किलोचा चिनूक लागला की तो प्रवाहाबरोबर खाली पळतो. तुम्ही जागेवर, तो खाली, मध्ये सगळ्या नदीचा जोर. रील किंचाळत राहतं, तंगूस संपत येतो. अशा वेळी एकानं "फिश ऑन" ओरडायचं, दुसऱ्यानं जोड सोडायची. बोट मोकळी, मासा आणि तुम्ही एकाच प्रवाहात वाहताय, आणि निवांत लढा. बोया तुमची जागा राखून वर तरंगत असतो. मासा जाळ्यात घेतला की परत यायचं, बोया उचलायचा, जोड लावायची. तुमच्या जागेवर दुसरा कोणी बसत नाही, कारण बोया तिथं आहे. रांगेत बसायची पद्धतच अशी आहे.

दुसरं कारण ओंडका. वसंतात नदी फुगलेली असते, आणि पाण्याखालून अर्धे बुडालेले झाडांचे बुंधे येतात. असा बुंधा दोरावर अडकला की त्याचा सगळा भार नांगराच्या दोरावर, म्हणजे तुमच्या बोटीच्या टोकावर येतो. मी डेव्हिस बार या नदीतल्या वाळूच्या पट्ट्याच्या खाली रांगेत होतो, आणि वरच्या बोटीत एका तरुण मुलानं बुंधा येताना पाहिला. त्यानं जोड सोडली, बोट बाजूला घेतली, बुंधा गेल्यावर परत आला. काही झालं नाही, म्हणून ही गोष्ट कोणी सांगत नाही. त्याच्या शेजारच्या बोटीतले आजोबा थर्मास वर करून ओरडले, "आता कॉफी पी!" गच्च बांधलेल्या बोटीत त्या वेळी चाकू शोधायची धावपळ झाली असती. चाकू हवाच, हाताशी आणि उघडता येईल असा. पण तो दुसरा उपाय, पहिला नाही.

तिसरं कारण जहाज. पोर्टलंड, व्हँकुव्हर (वॉशिंग्टनमधलं, कॅनडातलं नाही), कलामा, लाँगव्ह्यू या बंदरांत धान्य न्यायला समुद्री जहाजं येतात. त्यांच्यासाठी 43 फूट खोल खोदलेला मार्ग आहे. त्या मार्गात नांगर टाकायला परवानगी नाही, आणि तरी दर मोसमात कोणीतरी कडेवर जाऊन बसतो, कारण "मासे तिथंच आहेत". जहाजाच्या पायलटला नाकाखालची बोट दिसत नाही, दिसली तरी त्याला थांबता येत नाही. भोंग्याचे पाच लहान आवाज आले तर तो तुम्हाला नमस्कार करत नाहीये. तेव्हा जोड सोडा आणि निघा. बोया आणि दोर जहाजाखाली गेला तर जाऊ दे, दुकानात दुसरा मिळतो.

तीन कारणं ऐकली, आणि मला माहितेय, उद्या परत कमेंट येईल, "दादा, मी क्लीटला, म्हणजे बोटीवरच्या दोर बांधायच्या खुंटीला, दोन फेरे देतो, चालेल का?" चालेल, सुटत असेल तर. एका हातानं, डोळे मिटून, पूर्ण ताण असताना सोडून बघा. घरी ट्रेलरवर नाही, ताण असताना.

आता याच्याइतकाच महत्त्वाचा दुसरा हट्ट: दोर पुढूनच. मागून कधीही नाही, बाजूनं कधीही नाही. बोटीचं पुढचं टोक उंच आणि निमुळतं असतं, ते प्रवाह चिरतं. मागची भिंत सपाट, बुटकी, वर इंजिनचं वजन. मागून नांगर टाकला की प्रवाह त्या भिंतीवर आदळतो, पाणी आत येतं, आत आलेलं पाणी मागेच साठतं, मग भिंत आणखी बुटकी. हे सेकंदांत होतं. आणि वसंतात पाणी इतकं थंड असतं की पोहता येणारा माणूसही काही मिनिटांत हात हलवू शकत नाही. लाइफ जॅकेट अंगावर घालायचं, सीटखाली ठेवायचं नाही.

दोर किती सोडायचा? "खोलीच्या दुप्पट पुरतो" असं एकानं लिहिलंय आणि त्याला लाइक्सही आहेत, म्हणून थोडा चिडतोय. दुप्पट दोर म्हणजे तळाशी 30 अंशाचा कोन. म्हणजे तुम्ही नांगर ओढत नाही, उचलताय. पाचपट दोर सोडला की कोन 12 अंशांच्या आत येतो, सातपट सोडला की 8 च्या आसपास. शिवाय दोर आणि नांगराच्या मध्ये जड साखळी हवी, ती दांडा तळाशी दाबून ठेवते. 30 फूट पाण्यात पाचपट म्हणजे 150 फूट, सातपट म्हणजे 210. प्रवाहाचा वेग दुप्पट झाला की ओढ चौपट होते, म्हणून ओहोटी वाढली की आधी धरलेला नांगरही घसरू शकतो. काठावरचं एखादं झाड आणि त्यामागचा खांब एका रेषेत धरा. रेषा मोडली की तुम्ही सरकताय.

काढताना. इथंही तोच बोया. दोर हातानं ओढत बसायचा नाही. बोया दोरावरच ठेवायचा, इंजिन चालू, आणि प्रवाहाच्या वर, पण थोडं तिरकं जायचं, म्हणजे दोर बोटीच्या बाजूनं मागे जातो, पंख्याकडे येत नाही. दोर सतत डोळ्यांसमोर हवा. बोट पुढे जाते तसा दोर बोयाच्या कडीतून सरकतो, नांगर वर येतो आणि बोयाखाली लटकतो. मग वळून परत यायचं आणि सैल दोर आत घ्यायचा. नांगर खाली अडकला असेल तर जास्त गॅस देऊ नका. दोर मागच्या बाजूला ताणला गेला तर बोट मागून खाली खेचली जाते, म्हणजे मघाचंच दुखणं. इथले नांगर बहुतेक असे बांधतात की साखळी नांगराच्या बुडाला पक्की आणि वरच्या टोकाला फक्त एका कमकुवत झिप टायनं धरलेली. अडकला की टाय तुटतो आणि नांगर उलटा, बुडाकडून निघतो. तरी नाही निघाला? बोयासकट सोडा, भरती आल्यावर या.

रांगेत शिरण्याबद्दल दोन शब्द. दोन बोटींमध्ये जागा असेल तर आधी हातानं विचारा. वर जा, नांगर टाका, आणि दोर सोडत इतरांच्या बरोबरीला या. एकटेच पुढे किंवा मागे राहिलात की सगळ्यांचा तंगूस तुमच्या दोरात गुंततो. शेजाऱ्याला मासा लागला तर आपले रॉड वर घ्या. कोणी सांगायची वाट बघू नका.

एक कमेंट मात्र मला खटकली: "धरणाच्या वर आदिवासी लोकांना जाळी लावू देतात, मग आपल्यालाच नियम का?" हे देणं नाहीये. याकमा, उमाटिला, वॉर्म स्प्रिंग्ज आणि नेझ पर्स या चार जमातींनी 1855 च्या करारांत जमीन दिली आणि मासेमारीचा हक्क स्वतःकडे ठेवला. त्यांची सेलिलो धबधब्यावरची हजारो वर्षांची मासेमारीची जागा 1957 मध्ये द डॅल्स धरणाखाली बुडाली. पुढच्या वेळी नदीकाठच्या कॅस्केड लॉक्स गावी गेलात तर त्यांच्याकडून ताजा सॅमन विकत घ्या, आणि विक्रेत्याशी गप्पा मारा. त्यांना नदी माझ्यापेक्षा जास्त कळते.

शेवटचा प्रश्न, जो सगळ्यांना असतो आणि फक्त एका ताईंनी विचारायचं धाडस केलं: सात-आठ तास नांगरावर, बाथरूमचं काय? ताई, झाकणाची बादली आणि एक ताडपत्री. रांगेतले सगळे त्या वेळी पलीकडच्या काठाकडे बघतात. चला, बोया आत ठेवतो.