जुन्या टायरवर जिंकता येतं का?

(दृश्य: सकाळ. गॅरेजचं शटर वर जातं. लोखंडी स्टँडवर एक कार्ट. कॅमेरा हळूहळू मागच्या चाकापाशी येतो.)

असा टायर आपल्या स्कूटरला दिसला, तर कुणीही म्हणेल, "गोटा झालाय, बदलून घे." शर्यतीच्या कार्टचा, म्हणजे जमिनीलगत धावणाऱ्या त्या छोट्या उघड्या गाडीचा, टायर मात्र कारखान्यातून येतो तोच गोटा. त्याला एकही खाच नसते. कोरड्या डांबरावर जितकं रबर टेकेल तितकी पकड मिळते. नीट पाहिलं तर रबरावर टाचणीच्या डोक्याएवढी छिद्रं दिसतात. ती झीज मोजायला असतात. छिद्र उथळ होत गेलं की रबर किती उरलंय ते कळतं.

पण बरेचदा रबर शिल्लक असतानाच टायर संपतो. ट्रॅकवर तो तापतो, पॅडॉकमध्ये, म्हणजे ट्रॅकशेजारी गाड्या उभ्या करायच्या जागेत, येऊन थंड होतो, पुन्हा तापतो. प्रत्येक वेळी रबर थोडं कडक होतं. डोळ्यांना टायर नवाकोरा दिसतो आणि घड्याळ सांगतं की तीच फेरी आता जास्त वेळ घेतेय. मऊ टायरचं हे सगळ्यात मोठं दुखणं आहे, आणि क्लबच्या शर्यतींत पैसा नेमका इथूनच गळतो.

(दृश्य: जुना काळा-पांढरा फोटो. रिकामा पार्किंग लॉट, नळ्यांचा सांगाडा, मागे छोटं इंजिन.)

या खेळाचा जन्मच काटकसरीतून झाला. १९५६ साली कॅलिफोर्नियातल्या ग्लेनडेलमध्ये आर्ट इंगल्स नावाच्या माणसानं पहिली कार्ट बांधली. तो कर्टिस क्राफ्ट या रेसिंग गाड्या बनवणाऱ्या कारखान्यात काम करायचा. दिवसभर महागड्या गाड्या बांधणाऱ्या या कारागिरानं घरी येऊन लोखंडी नळ्या जोडल्या आणि मागे वेस्ट बेंडचं छोटं इंजिन बसवलं. अशा कार्ट मग पॅसाडेनाच्या रोझ बोल मैदानाच्या पार्किंगमध्ये धावू लागल्या. ज्याला रेसिंग परवडत नाही त्याच्यासाठी रेसिंग, हा यामागचा विचार. टायरची चर्चा करताना मला तो सतत आठवत राहतो.

आज अमेरिकेच्या क्लबांमध्ये हा विचार सगळ्यात जास्त जपलाय तो '२०६' नावाच्या वर्गानं, म्हणजे एकाच इंजिनावर धावणाऱ्या कार्टच्या गटानं. ब्रिग्ज अँड स्ट्रॅटन ही मिलवॉकीची कंपनी. गवत कापायच्या यंत्राच्या इंजिनांसाठी ती घराघरांत माहीत आहे. या वर्गातलं तिचं २०४ सीसीचं फोर-स्ट्रोक इंजिन कारखान्यातून सीलबंद येतं आणि जेमतेम ९ हॉर्सपॉवर देतं. मिनिटाला ६,१०० फेऱ्यांच्या पुढे ते फिरतच नाही. सील तोडलं की शर्यतीतून बाद. म्हणजे इंजिनावर पैसे ओतून कुणालाही पुढे जाता येत नाही.

मग तो पैसा जातो कुठे? बांध घातला की पाणी दुसरी वाट शोधतं, तसं आहे हे. इंजिनाची वाट बंद झाली की पैसा टायरकडे वळतो.

(दृश्य: दोन टायरचे संच शेजारी शेजारी. एक चकचकीत, एक राखाडी, कडेला रबराचे बारीक गोळे चिकटलेले.)

अमेरिकेत कार्टच्या स्लिक, म्हणजे बिनखाचेच्या, टायरचा चार चाकांचा संच साधारण २०० ते ३०० डॉलरच्या दरम्यान येतो. क्लबची समिती टायर ठरवायला बसते तेव्हा पहिला प्रश्न किमतीचाच निघतो. अमुक कंपनीचा २० डॉलरनं स्वस्त आहे, घेऊन टाका. मला वाटतं, चूक इथेच होते.

समजा, एका टायरचा संच २०० डॉलरला मिळतो. तो फार मऊ आहे. पहिल्या पाच-सहा फेऱ्यांत तो बंदुकीच्या गोळीसारखा जातो, पण दुपारच्या शर्यतीपर्यंत प्रत्येक फेरीत अर्धा सेकंद गमावतो. दुसरा संच २४० डॉलरचा, कडक. पहिल्या दिवशी तो मऊ टायरच्या मागेच राहील. पण पाचव्या रविवारीही त्याची वेळ पहिल्या दिवसाच्या वेळेपासून फार लांब गेलेली नसेल. आता सांगा, स्वस्त कोणता?

मऊ टायरच्या वर्गात ज्याला परवडतं तो दर शर्यतीला नवा संच चढवतो. ज्याला परवडत नाही तो मागच्या महिन्यातला वापरतो आणि हिरवा झेंडा पडण्याआधीच हरलेला असतो. दोन-तीन महिने तो येतो, मग येत नाही. सुरुवातीच्या रांगेत एक जागा रिकामी होते. म्हणून क्लबनं टायर निवडताना स्वतःला एकच प्रश्न विचारावा. नव्या संचात आणि सहा शर्यती धावलेल्या संचात अंतर किती? ते अंतर जितकं कमी, तितका तो टायर स्वस्त.

हे तपासायला प्रयोगशाळा लागत नाही. एकच कार्ट, एकच चालक, एकच दुपार. आधी जुना संच, मग नवा, मग परत जुना. परत जुना का? कारण दुपारभर ट्रॅक बदलत असतो. सगळ्यांच्या टायरचं रबर डांबरावर बसत जातं, पकड वाढत जाते. शेवटी जुना संच पुन्हा चढवला नाही, तर नव्या टायरला न कमावलेलं श्रेय मिळतं.

(दृश्य: हेअरपिन वळण. स्लो मोशन. आतलं मागचं चाक जमिनीपासून किंचित उचललेलं.)

इथे थोडं थांबूया. कडक टायर घेतला म्हणजे मन मारून घेतला, असं अनेकांना वाटतं. छोट्या इंजिनाच्या कार्टला कडक टायर मुळातच जास्त मानवतो. त्याचं कारण कार्टच्या मागच्या आसात आहे.

बैलगाडी आठवा. तिची दोन्ही चाकं आसाभोवती आपापली फिरतात. गाडी वळवताना बाहेरच्या चाकाची धाव जास्त अंतर कापते, आतलं चाक हळू फिरतं, आणि कुणाचंच अडत नाही. मोटारगाडीत हेच काम डिफरन्शियल करतं. कार्टला डिफरन्शियल नसतं. मागची दोन्ही चाकं एकाच दांड्याला घट्ट आवळलेली असतात, त्यामुळे एक जितकं फिरेल तितकंच दुसरं. आता पूर्ण उलट फिरवणारं हेअरपिन वळण घ्या. दोन मागच्या चाकांच्या मध्यांत १.२ मीटर अंतर धरलं, तर बाहेरच्या चाकाला आतल्यापेक्षा जवळजवळ पावणेचार मीटर जास्त धावावं लागतं. एकाच दांड्यावरच्या दोन चाकांनी हे करायचं कसं?

उत्तर असं की आतल्या चाकानं उचललं जायचं. स्टिअरिंग फिरवलं की पुढचं आतलं चाक खाली दाबलं जातं, चेसिस, म्हणजे कार्टचा नळ्यांचा सांगाडा, पिळली जाते आणि मागचं आतलं चाक जमिनीपासून सुटतं. कार्टला सस्पेन्शन नसतं. चेसिसच्या नळ्या वाकतात, तेच तिचं सस्पेन्शन. वळण संपेपर्यंत ते चाक हवेत राहिलं की झालं.

टायर फार चिकट असला तर हे गणित बिघडतं. आतलं चाक टेकलं की डांबर धरून ठेवतं, आणि दोन्ही टायर एकमेकांशी भांडू लागतात. ३० हॉर्सपॉवरच्या आसपासचं १२५ सीसी टू-स्ट्रोक इंजिन ते भांडण ओढून नेऊ शकतं. ९ हॉर्सपॉवरचं इंजिन तिथे गुदमरतं. वळणातून बाहेर पडताना त्याचा आवाज खाली बसतो, आणि पुढच्या सरळ पट्ट्यावर तो वेग परत मिळवायला त्याच्याकडे ताकदच नसते. तेच कडक टायर लावलेली कार्ट किंचित घसरते, मोकळी राहते, इंजिन गात राहतं. चालकालाही घसरती गाडी सांभाळायला शिकावं लागतं. नवशिक्यासाठी यापेक्षा चांगली शाळा मला माहीत नाही.

आणखी एक गोष्ट, विशेषतः मुलांच्या पालकांसाठी. जास्त पकड म्हणजे वळणात अंगावर जास्त जोर. कार्टिंग करणारी माणसं बरगड्यांना वेगळं जॅकेट घालतात ते उगाच नाही. चिकट टायरवर सीटची कड बरगडीत रुतते, चेसिसही लवकर थकते. टायरचा खर्च मोजताना तोही खर्च धरायला हवा.

(दृश्य: तांत्रिक तपासणीची जागा. टायरच्या बाजूवरचा बारकोड स्कॅन होतो.)

योग्य टायर निवडला तरी नियम ढिले असतील तर पैसा पुन्हा वाट काढतो. म्हणून चांगले क्लब एका वर्गाला एकच टायर ठरवतात, आणि तो निदान दोन-तीन वर्षं बदलत नाहीत. बदलला की घराघरांत पडलेले अर्धे वापरलेले संच एका रात्रीत भंगार होतात. बाजूवरच्या बारकोडवरून किंवा क्रमांकावरून कोणी किती संच वापरले याची नोंद ठेवता येते. हंगामात इतकेच नवे संच, आणि त्यांपैकी कुठल्या शर्यतीला नवा चालेल हेही ठरलेलं.

काही जण टायरला रसायन चोळून रबर मऊ करतात. ते पकडायला वाफ हुंगणारं यंत्र असतं. टायरमधून बाहेर पडणारी रासायनिक वाफ ते मोजतं. याबाबतीत क्लबनं कठोर राहावं असंच मी म्हणेन. ती रसायनं हाताळणाऱ्याच्या त्वचेला आणि फुप्फुसांनाही बरी नाहीत, आणि पॅडॉकमध्ये लहान मुलं फिरत असतात.

पावसाचे टायर? काही क्लब छोट्या वर्गांना पावसातही स्लिकवरच धावायला लावतात किंवा शर्यत थांबवतात. एक संच वाचतो. मला तो निर्णय पटतो.

(दृश्य: भारतातला कार्ट ट्रॅक. ऊन. डांबरावरून उठणारी वाफ.)

आपल्याकडची गोष्ट थोडी वेगळी आहे. कोल्हापूरजवळ मोहिते रेसिंगच्या ट्रॅकवर राष्ट्रीय रोटॅक्स मालिकेच्या फेऱ्या झाल्या आहेत. रोटॅक्स हे ऑस्ट्रियाचं सीलबंद इंजिन, आणि त्या मालिकेत टायरही ठरलेला, मोजो नावाचा. तो बाहेरून येतो, म्हणजे वाहतूक आली, आयात शुल्क आलं. इथल्या पालकाला एकेक संच अमेरिकेतल्या पालकापेक्षा जड जातो. उद्या पुण्यात किंवा नाशकात काही जणांनी मिळून फोर-स्ट्रोक कार्टचा छोटा क्लब काढायचा ठरवला, तर त्यांनी टायर आधी ठरवावा आणि चेसिस नंतर, असं मला मनापासून वाटतं. आपल्या उन्हाळ्यात डांबर भट्टीसारखं तापतं. मऊ रबर तिथे खडूसारखं झिजेल.

ज्यांनी भाड्याची कार्ट चालवलीय, त्यांनी कडक टायर ओळखलाय. वळणावर मागची बाजू सरकली आणि तुम्ही हसलात, आठवतं? ते त्या टायरचं काम होतं.

(दृश्य: संध्याकाळ. एक मुलगी आणि तिची आई चाकं उतरवतायत.)

उरलेली बचत हाताची आहे. नवा टायर पहिल्या काही फेऱ्या सावकाश चालवावा, साच्यातून आलेला गुळगुळीत थर जाऊ द्यावा. हवा थंड टायरमध्ये मोजावी, आणि दर वेळी त्याच गेजनं. एवढ्याशा टायरमध्ये हवाच थोडी, त्यामुळे अर्ध्या पीएसआयनंही गाडी बदलते. कडक टायरला गरम व्हायला थोडी जास्त हवा लागते. थंड सकाळी अजून थोडी, तापलेल्या दुपारी कमी. ट्रॅक घड्याळाच्या दिशेनं धावत असेल तर डाव्या बाजूचे टायर आधी झिजतात. नियमात बसत असेल आणि टायरवर दिशेचा बाण नसेल, तर रिमवरून काढून उलटा चढवावा, आयुष्य वाढतं.

आई टायर पुसते. मुलगी छिद्रात गेज घालून आकडा वाचते आणि वहीत लिहिते. तारीख, फेऱ्या, उरलेली खोली. मग दोघी मिळून टायर काळ्या प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळतात, ऊन आणि हवा लागू नये म्हणून. चिकटपट्टीवर मार्करनं खूण होते.

सातवी शर्यत. पुढच्या रविवारी हाच संच.